कशावरून?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मराठीत डोळ्यांच्या कामासाठी शब्दांची वानवा नाही. गोष्ट दिसते, आपण ती बघतो, पाहतो. वेळ असला तर निरखतो, माया असली तर न्याहाळतो. राखणदार टेहळतो, चोर हेरतो आणि घरातली म्हातारी माणसं समोरच्याच्या नुसत्या चालीवरून त्याचं काय बिनसलंय ते ताडतात. यातलं 'दिसणं' तेवढं फुकट आहे. डोळे उघडे असले की झालं. बाकी सगळ्या शब्दांना थोडे कष्ट पडतात. आजचं माझं बोलणं या कष्टांविषयी आहे.

विषय ऐकायला जरा विचित्र वाटेल. नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना चित्रं दाखवायची. हृदयाची किंवा फुप्फुसाची आकृती नव्हे, तर चित्रकारांनी काढलेली, संग्रहालयात टांगलेली चित्रं. त्यांच्यासमोर या मुलांना उभं करायचं आणि त्यातून त्यांना विचार करायला शिकवायचं. कुणी म्हणेल, ज्यांनी सलाईन लावायचं, जखम धुवायची, तापाचा तक्ता भरायचा, त्यांना चित्रं कशाला? प्रश्न रास्त आहे. मी काही वैद्यकातली जाणकार नव्हे. बी.ए. झाले, कविता लिहिते. पण मी मिरजेची. आमचं गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं, तंबोरे आणि दवाखाने. त्यामुळे गाणाऱ्यांइतक्याच परिचारिकाही मी लहानपणापासून बघत आले आहे.

रुग्णाच्या खाटेशी सर्वांत जास्त वेळ कोण असतं? डॉक्टर फेरीला येतात, दोन-चार मिनिटं थांबतात, पुढे जातात. नातेवाईक भेटीच्या वेळेत येतात. पाळीचे सगळे तास वॉर्डात असते ती सिस्टर. रुग्णात काही बदल झाला, तर तो पहिल्यांदा तिच्यासमोर घडतो. तो तिला दिसला पाहिजे, त्याचा अर्थ लागला पाहिजे आणि योग्य माणसाला तो वेळेवर सांगता आला पाहिजे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटंसं पुस्तक लिहिलं, त्यात रुग्णाच्या निरीक्षणावर एक आख्खं प्रकरण आहे. म्हणजे ही गरज कालपरवाची नाही.

माझ्या घरातलीच गोष्ट सांगते. २०१७ च्या पावसाळ्यात माझी अम्मी न्यूमोनियानं दवाखान्यात होती. वय अठ्ठ्याहत्तर. झोप फारशी लागायची नाही. पडल्या पडल्या तिच्या हातात तसबीह, म्हणजे जपमाळ, फिरत असायची. रात्रपाळीला जत भागातली एक तरुण सिस्टर होती. साडेनऊला गोळ्या द्यायला आली, अम्मीशी दोन शब्द बोलून गेली. रात्री एकच्या सुमाराला ती पुन्हा फेरीला आली. मी खाली चटईवर झोपले होते, तिच्या आवाजानं जाग आली. ती विचारत होती, "आजी, माळ आता डाव्या हातात का घेतलीय?" अम्मी काहीतरी पुटपुटली. सिस्टरनं चादरीखालचा उजवा हात बाहेर काढला. म्हणाली, "माझी बोटं दाबा बघू." मग दोन्ही हात वर धरायला सांगितले. उजवा हात हळूहळू खाली आला. ती तशीच फोनकडे गेली.

रात्रीच्या शांततेत पलीकडच्या डॉक्टरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. तिनं सांगितलं, "सर, चार नंबरच्या आजींचा उजवा हात कमजोर झालाय." पलीकडून प्रश्न आला, "कशावरून?" ही मुलगी गडबडली नाही. म्हणाली, "साडेनऊला माळ उजव्या हातात होती, सर. आता डाव्या हातात आहे. उजव्या हाताची पकड कमी आहे, हात वर राहत नाही. तोंड अजून वाकडं वाटत नाही." डॉक्टर पाच मिनिटांत वर आले.

मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला नंतर कळलं. झटका नेमका कधी आला हे कुणालाच ठाऊक नसेल, तर माणूस शेवटचा धड केव्हा दिसला ती वेळ धरतात. सिस्टरच्या त्या 'साडेनऊ'ला म्हणून किंमत होती. स्कॅन झाला, इंजेक्शन मिळालं. अम्मीची दोन बोटं पुढेही थोडी ताठ राहिली, पण ती पुन्हा स्वतःच्या हातानं जेवू लागली. पुढे चार वर्षं ती आमच्यात होती.

आता बघा, या मुलीनं काय काय केलं. काही बिघडलेलं नव्हतं तेव्हाच, साडेनऊला, तिनं अम्मीकडे नीट पाहून ठेवलं होतं. आधी कसं होतं हेच माहीत नसेल तर बदल कसा कळणार? दुसरं, तिनं आजाराचं नाव सांगण्याआधी काय दिसलं ते सांगितलं. तिसरं, एक गोष्ट सापडल्यावर ती थांबली नाही, आणखी काय आहे ते तपासलं, आणि जे नव्हतं तेही सांगितलं. या मुलीला कुणी चित्रं दाखवली नव्हती. ती नजर तिची स्वतःची. पण दर रात्री, दर वॉर्डात अशीच नजर असेल, हे नशिबावर सोडायचं का? की अशी नजर शिकवता येते?

हाच प्रश्न अमेरिकेत न्यू हेवन इथल्या येल विद्यापीठात एका त्वचारोगतज्ज्ञाला पडला होता. त्यांचं नाव डॉ. आयर्विन ब्रेव्हरमन. त्वचारोगाचं अर्धं शास्त्र बघण्यात असतं. वैद्यकाचे विद्यार्थी पुरळाकडे एक नजर टाकतात आणि पाठ केलेल्या यादीतलं एखादं नाव सांगून मोकळे होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. नाव सुचलं की बघणं संपलं. यावर उपाय काय? त्यांना वाटलं, यांना अशा गोष्टीसमोर उभं करावं जिची यादी यांच्या डोक्यात मुळीच नाही. येलमध्येच ब्रिटिश चित्रकलेचं मोठं संग्रहालय आहे. तिथल्या शिक्षण विभागाच्या लिंडा फ्रीडलेंडर यांच्याबरोबर त्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीला एक उपक्रम सुरू केला.

पद्धत साधी होती. ज्यात काही गोष्ट घडते आहे अशी, मुख्यतः व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चित्रं निवडायची. प्रत्येक विद्यार्थ्यानं एका चित्रासमोर पंधराएक मिनिटं काढायची. मग आपल्या गटाला ते चित्र वर्णन करून सांगायचं. 'बाई दुःखी आहे' असं म्हणायचं नाही. मान खाली आहे, ओठ मिटलेले आहेत, हातातलं पत्र चुरगळलंय, असं सांगायचं. अर्थ लावायचा तो सगळ्यांत शेवटी. चित्रकलेच्या अडाणी माणसाला चित्रात काय महत्त्वाचं आणि काय नाही ते ठाऊक नसतं, म्हणून तो सगळंच बघतो. इथे अडाणीपणाच कामाला येतो. पुढे या विद्यार्थ्यांना रुग्णांची छायाचित्रं दाखवली, तेव्हा नेहमीच्या वर्गात बसलेल्यांपेक्षा त्यांनी जास्त गोष्टी टिपल्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००१ साली हा अभ्यास छापून आला.

तिथल्याच नर्सिंग विद्यालयातल्या प्राध्यापक लिंडा पेलिको यांनी हा प्रयोग परिचारिकांसाठी केला. त्याचा अहवाल २००९ साली नर्सिंग शिक्षणाच्या एका नियतकालिकात आला. संग्रहालयात जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांनी रुग्णांच्या छायाचित्रांविषयी जास्त निरीक्षणं लिहिलीच, शिवाय 'हे असेल, किंवा तेही असू शकेल' अशा शक्यताही जास्त मांडल्या. मला हा दुसरा भाग मोलाचा वाटतो. डोळा तयार होणं ही एक गोष्ट. पहिल्या उत्तरापाशी न अडणं ही त्याच्या पुढची पायरी. विचार करणं ते हेच.

याच सुमाराला आणखी एक पद्धत रुळली होती. अ‍ॅबिगेल हाउसन या मानसशास्त्रज्ञ आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन, या दोघांनी ती तयार केली. मूळ शाळकरी मुलांसाठी. आता ती नर्सिंगच्या वर्गांतही वापरली जाते. तिच्यात प्रश्न तीनच. या चित्रात काय चाललंय? काय बघून तुला तसं वाटलं? आणखी काय सापडतंय? शिक्षकानं बरोबर-चूक म्हणायचं नाही. विद्यार्थी ज्या जागेविषयी बोलेल तिथे बोट ठेवायचं, त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत पुन्हा सांगायचं, आणि आधी कुणी बोललं असेल तर त्याच्याशी जोडून द्यायचं.

मधला प्रश्न म्हणजे आपला 'कशावरून?'. पण आपल्याकडे हा शब्द दोन सुरांत उच्चारला जातो. भांडणातला 'कशावरून?' समोरच्याचं तोंड बंद करण्यासाठी असतो. वर्गातही पुष्कळदा तोच सूर लागतो. दुसरा सूर कुतूहलाचा. 'तुला काय दिसलं, मलाही दाखव' असा. सगळी पद्धत या दुसऱ्या सुरावर उभी आहे. हा सूर रोज कानावर पडलेली मुलगी उद्या फोनवर डॉक्टरांनी 'कशावरून?' विचारलं तर दचकणार नाही, कारण उत्तर तिच्यापाशी तयार असेल.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण सांगता येतं. आपण एक करून पाहू. लंडनच्या टेट संग्रहालयात ल्यूक फिल्ड्स या चित्रकाराचं १८९१ सालचं 'द डॉक्टर' नावाचं प्रसिद्ध चित्र आहे. एका गरीब घराची खोली. मधोमध दोन खुर्च्या जोडून त्यांवर आजारी मूल निजवलंय. मुलाचा एक हात खाली लोंबतोय. शेजारी दाढीवाले डॉक्टर हनुवटीला हात लावून, पुढे झुकून मुलाकडे टक लावून बसलेत. टेबलावर दिवा, औषधाची बाटली, कप. मागे अंधारात मुलाची आई टेबलावर डोकं टेकून बसलीय आणि बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. खिडकीतून फिकट उजेड येतोय.

काय चाललंय? मूल आजारी आहे, डॉक्टर आलेत. ठीक. डॉक्टर नुकतेच आलेत की बराच वेळ बसलेत? बराच वेळ. कशावरून? दिवा अजून जळतोय आणि खिडकीत उजाडायला लागलंय, म्हणजे रात्र गेली. घरची परिस्थिती? त्या दोन खुर्च्या एकसारख्या नाहीत. या खोलीत मुलासाठी वेगळी खाट नाही, जे हाताशी होतं त्याचा पलंग केलाय. आणखी काय? एका बाजूला पाण्याचं भांडं आणि वाडगा आहे. रात्रभर कुणीतरी पाणी वापरलंय असं वाटतं. कपाळावर पट्ट्या ठेवल्या असतील का? ते दिसत नाही, तो अंदाज. अंदाजाला अंदाजच म्हणायचं, हाही या अभ्यासातला धडा.

आता मला नेहमी पडणारा प्रश्न. या चित्रात परिचारिका कुठे आहे? नाही. डॉक्टर पोचण्याआधी पाणी कुणी आणलं, उशी कुणी सरळ केली, पहिली रात्र कुणी जागवली? बहुधा मागे अंधारात डोकं टेकून बसलेल्या त्या बाईनं. दिव्याचा सगळा उजेड मूल आणि डॉक्टर यांच्यावर आहे. जिनं सर्वांत जास्त पाहिलं असेल ती अंधारात आहे आणि तिला कुणी काही विचारत नाहीये. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींच्या वर्गात या चित्रावर तासभर बोलणं होईल, आणि ते चित्रकलेविषयी कमी, त्यांच्या स्वतःच्या जागेविषयी जास्त असेल.

हे सगळं वाचल्यावर मला राहवलं नाही. १२ मे हा नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस, तो परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. त्या निमित्तानं आमच्या भागातल्या एका नर्सिंग महाविद्यालयानं मला कविता म्हणायला बोलावलं होतं. मी दोन कविता म्हटल्या आणि पिशवीतून एक चित्र काढून फळ्यावर लावलं. हातात दिवा धरलेली, साडी नेसलेली स्त्री. दुसरा हात ज्योतीसमोर आडवा. बोटांमधून तांबूस उजेड झिरपतोय, चेहऱ्यावर पडलाय. तुम्ही कॅलेंडरवर नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात हे चित्र हमखास पाहिलं असेल.

मी काही विचारायच्या आत अर्धा वर्ग म्हणाला, "राजा रविवर्मा!" मी विचारलं, "कशावरून?" सगळे गप्प. मग एक जण म्हणाली, "साडीतली बाई आहे ना, म्हणून." नाव सुचलं की बघणं संपतं ते असं. हे चित्र रविवर्म्यांचं नाही. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, आणि तैलरंगातलं नसून जलरंगातलं आहे. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे, 'ग्लो ऑफ होप' या नावानं. त्यांची लेक गीता या चित्रासाठी उभी राहिली होती. शंभरी ओलांडून २०१८ साली त्या कोल्हापुरात वारल्या. पण हे मी मुलांना शेवटी सांगितलं. आधी म्हटलं, नाव सोडा, बघा.

मग हळूहळू हात वर होऊ लागले. उजेड खालून येतोय, म्हणून दिवा छातीच्या उंचीवर असावा. साडीच्या घड्या स्पष्ट आहेत, म्हणजे ती धावत नाहीये. एकीनं विचारलं, "हात भाजत नसेल का?" दुसरी म्हणाली, "वारा असणार, म्हणून ज्योत झाकलीय." मी विचारलं, "वारा कशावरून? पदर उडतोय का?" उडत नव्हता. थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, समोर कुणीतरी झोपलेलं असेल. आम्ही नाइटला टॉर्चवर अशीच बोटं धरतो. पेशंटच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून. बोटं अशीच लाल दिसतात."

हे चित्र मी कितीतरी वर्षं पाहत आले आहे. दिवाळी, देवघर, आशा असे सगळे अर्थ मला सुचले होते. झोपलेल्या माणसाची काळजी हा अर्थ त्या मुलीनं दिला. हळदणकरांच्या मनात तो असेल असं मी म्हणत नाही. पण तिनं तो चित्रातल्या पुराव्यानिशी आणि आपल्या कामाच्या अनुभवातून मांडला. त्याच दिवशी सकाळी या मुलींनी हातात दिवे घेऊन शपथ घेतली होती. नाइटिंगेलबाईंच्या त्या प्रसिद्ध दिव्याचीही गंमत सांगते. चित्रांत त्यांच्या हातात अल्लाउद्दिनच्या गोष्टीतल्यासारखा तेलाचा दिवा दाखवतात. प्रत्यक्षात तुर्कस्तानातल्या त्या लष्करी इस्पितळात त्यांच्या हाती होता तो तिकडचा घडीचा फानूस. चित्रालाही 'कशावरून?' विचारावं लागतं.

मग मी मुलांना त्या बोटांचा लाल उजेड पुन्हा दाखवला आणि विचारलं, "हे रोज कुठे बघता?" उत्तर लगेच आलं, "पल्स ऑक्सिमीटर!" बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते यंत्र. २०२० आणि २०२१ च्या करोनाच्या लाटांत ते घरोघरी पोचलं. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्यामागची युक्ती शोधली. बोटातून उजेड आरपार जातो, त्यातला किती शोषला गेला त्यावरून रक्तातला प्राणवायू कळतो. पण डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये प्राणवायू कमी असूनही यंत्रानं तो ठीक दाखवल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट होतं. आकडा खरा मानून वळलेला माणूस इथे फसतो. आकडा आणि माणूस दोन्ही बघणारी परिचारिका फसण्याची शक्यता कमी.

इथे चित्रकाराची नजर अगदी थेट कामाला येते. वैद्यकाच्या कितीतरी पुस्तकांतली वर्णनं गोऱ्या कातडीवरून लिहिलेली आहेत. 'त्वचा लाल होते', 'ओठ निळे पडतात'. आपल्या वॉर्डातल्या सावळ्या, काळ्यासावळ्या माणसांत ती लाली सहज दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर जखम होण्याआधी जो लालसर डाग येतो, तो सावळ्या कातडीवर फक्त आजूबाजूपेक्षा थोडा गडद, जांभळट दिसतो. किंवा दिसतच नाही, हाताला गरम नाहीतर कडक लागतो. रक्त कमी आहे का ते बघायला खालची पापणी ओढावी लागते, जीभ आणि तळवे बघावे लागतात. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात की कातडीला एकच रंग नसतो. सावलीत ती निळसर, उजेडात पिवळसर, कानाच्या पाळीत तांबूस असते. सावळ्या चेहऱ्यातले हे रंग मोजायची सवय लागलेली मुलगी वॉर्डात जाईल, तेव्हा 'सावळा पेशंट' एवढ्यावर तिचं बघणं थांबणार नाही.

यावर आक्षेप असतील, आणि ते ऐकले पाहिजेत. येल हे श्रीमंत विद्यापीठ, त्याला हाकेच्या अंतरावर संग्रहालय. आपल्याकडे वॉर्ड तुडुंब भरलेले, सिस्टर एक आणि खाटा कितीतरी. तिला पाणी प्यायला वेळ नाही, ती निरखणार कधी? हे खरं आहे. चित्रं दाखवून माणसं वाढत नाहीत. पुरेशा परिचारिका नेमण्याला चित्रं हा पर्याय नाही. शिवाय चित्र जागचं हलत नाही, रुग्ण क्षणाक्षणाला बदलतो. आतापर्यंतचे बहुतेक अभ्यास लहान गटांवरचे, थोड्या दिवसांचे आहेत. चित्र बघणारी मुलगी दहा वर्षांनीही तशीच बारकाईनं बघते का, हे त्यांतून कळत नाही. शरीरशास्त्र पाठ करायला पर्याय नाहीच. अम्मीच्या सिस्टरला पकड तपासायची, हात वर धरायला सांगायचं, हे कुणीतरी पुस्तकातून शिकवलेलंच होतं.

पण ज्यांना वेळ कमी, त्यांनाच चांगली नजर जास्त लागते. आणि चित्राचा एक फायदा दुसऱ्या कशात नाही. त्याच्यासमोर चुकलं तर कुणाचा जीव जात नाही. वॉर्डात पहिल्या वर्षाची मुलगी तोंड उघडायला घाबरते. आपण काही बोललो आणि ते चुकीचं निघालं तर? चित्रासमोर ती मोकळेपणानं अंदाज करते, शेजारणीचं ऐकून तो बदलते, 'मला असं दिसलं' असं म्हणायला शिकते. दोघींना एकाच चित्रात वेगवेगळं दिसू शकतं, हेही शिकते. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला काय सांगायचं, किती सांगायचं, याची ही तालीमच आहे. मात्र एक अट राहते. तिनं पाहिलं, पुराव्यानिशी सांगितलं, तरी वरच्यानं ऐकायचंच नाही असं ठरवलं, तर सगळं फुकट. म्हणून मला वाटतं, या चित्रांसमोर नर्सिंगच्या आणि डॉक्टरकीच्या मुलांना एकत्र बसवावं. एकमेकांना 'कशावरून?' विचारायची सवय तिथेच लागावी.

खर्चाचं म्हणाल तर जुनं कॅलेंडर पुरतं. आणि आपल्याकडे कला आणि दवाखाना यांचं नातं अगदीच परकं नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत १८४५ साली रुग्णालय उभं राहिलं आणि १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. दोन्हींना त्यांचंच नाव आहे, दोन्हींना लोक 'जे.जे.'च म्हणतात. टॅक्सीवाल्याला नुसतं 'जे.जे.' म्हटलं तर तो विचारतो, "हॉस्पिटल की आर्ट?" हळदणकर त्याच कलाशाळेत शिकले. एका दात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या दोन वास्तूंत अंतर फार नाही. एका बाजूची मुलं दुसऱ्या बाजूला एखादी दुपार गेली, तर बिघडलं कुठे?

मुंबई लांब पडत असेल, तर आमच्या बाजूच्या महाविद्यालयांसाठी सातारा जिल्ह्यातलं औंध आहे. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं भवानी संग्रहालय. तिथे रविवर्म्यांची चित्रं खरोखरीच आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं एक छोटं दगडी शिल्पही आहे. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, इथल्या नर्सिंगच्या मुलामुलींची सहल दरवर्षी कुठे ना कुठे जातेच. एका वर्षी ती औंधला न्या. नावांच्या पाट्या वाचायच्या आधी प्रत्येकाला एका चित्रासमोर पंधरा मिनिटं उभं करा. मोबाइल पिशवीत ठेवायला सांगा. मग ते तीन प्रश्न विचारा आणि आपण गप्प बसून ऐका. परतीच्या गाडीत गाण्याच्या भेंड्या खेळायला वेळ उरेलच.